ऑरगॅनिक सोलर सेलच्या थराची रचना आणि चार्जची वाट: नमुना बनवण्यापासून मोबिलिटी मोजण्यापर्यंत

शिवाजी विद्यापीठात आणि कोल्हापूर परिसरात पातळ थरांवर काम करणारे बरेच विद्यार्थी कॅडमियम सल्फाईड, झिंक ऑक्साईड अशा पदार्थांकडून ऑरगॅनिक, म्हणजे कार्बनी रेणूंच्या, सोलर सेलकडे येतात. केमिकल बाथ, सिलार, स्प्रे पायरोलिसिस या थर बनवण्याच्या पद्धतींवर हात बसलेला असतो, आणि त्या कामातली एक सवयही सोबत येते. एक्सआरडीत, म्हणजे क्ष-किरणांनी स्फटिकांची रचना मोजताना, शिखर उंच आणि अरुंद आलं, दाणा मोठा निघाला, की थर चांगला आणि त्यातून चार्जही चांगला वाहणार. ऑरगॅनिक थरात हा हिशोब निम्माच खरा ठरतो, कारण इथे स्फटिक किती मोठा आहे यापेक्षा तो कुठल्या दिशेला तोंड करून बसलाय हे जास्त महत्त्वाचं असतं.

पी३एचटी हे पॉलिमर घेऊ. त्याच्या साखळ्यांचा कणा सपाट असतो आणि कण्याच्या कडेला सहा कार्बनांच्या शेपट्या असतात. कणे एकमेकांवर रचले जातात तेव्हा दोन कण्यांमधलं अंतर सुमारे ०.३८ नॅनोमीटर असतं. शेपट्यांच्या दिशेनं मात्र एका थरापासून दुसऱ्या थरापर्यंत १.६ नॅनोमीटर जावं लागतं. कण्यावरून चार्ज सहज धावतो, रचलेल्या कण्यांमधून उड्या मारत जातो, आणि शेपट्यांच्या दिशेनं जवळजवळ अडतो, कारण शेपट्या म्हणजे विद्युतदृष्ट्या मेणच. भाकरीची चवड डोळ्यांसमोर आणा. चवड ताटात सरळ ठेवली, म्हणजे प्रत्येक भाकरी आडवी पडलेली, तर भाकरीवरून भाकरीवर जाणारी वाट खालून वर जाते. हा फेस-ऑन थर. तीच चवड आडवी पाडली, प्रत्येक भाकरी कडेवर उभी राहिली, की ती वाट जमिनीला समांतर होते. हा एज-ऑन थर. ट्रान्झिस्टरमध्ये चार्ज आडवा जातो, म्हणून तिथे एज-ऑन हवा. पी३एचटीच्या ट्रान्झिस्टरमध्ये या दोन मांडण्यांच्या मोबिलिटीत, म्हणजे चार्ज किती सहज सरकतो याच्या मापात, शंभर पटींहून जास्त फरक पडतो, हे १९९९ सालीच दाखवलं गेलं. सोलर सेलमध्ये चार्जला काचेकडून वरच्या धातूकडे, म्हणजे उभ्या दिशेनं, जेमतेम १०० नॅनोमीटर जायचं असतं. त्यामुळे ट्रान्झिस्टरमध्ये किंवा आडव्या चार-टोकी मापनात आलेली मोबिलिटी सोलर सेलच्या चर्चेत वापरायची नाही. ही चूक प्रबंधांमध्ये वारंवार दिसते, आणि ती टाळायला वेगळं उपकरणही लागत नाही.

दुसरी अट मिश्रणाची. प्रकाश पडल्यावर तयार होणारा एक्सिटॉन, म्हणजे इलेक्ट्रॉन आणि होल (इलेक्ट्रॉनची रिकामी जागा, धन चार्ज) यांची बांधलेली जोडी, साधारण १० नॅनोमीटर सरकतो आणि विझतो. तेवढ्या अंतरात त्याला पॉलिमर आणि पीसीबीएम (इलेक्ट्रॉन घेणारा फुलरीन रेणू) यांची सीमा सापडली पाहिजे. पण सीमा जास्त हव्यात म्हणून दोन्ही पदार्थ अगदी एकजीव केले, तर फुटलेल्या होल आणि इलेक्ट्रॉनला आपापल्या इलेक्ट्रोडपर्यंत सलग वाट उरत नाही, आणि ते वाटेतच पुन्हा एकत्र येतात. म्हणून १० ते २० नॅनोमीटरचे, एकमेकांना जोडलेले पट्टे हवेत. हे सगळं थर वाळताना ठरतं. गुऱ्हाळावर वाफ्यात ओतलेला पाक कसा निवतो आणि घोटला जातो यावर गुळाचा रवा ठरतो, तसंच काहीसं, फक्त इथे ते काही सेकंदांत घडतं.

पुढची सगळी कृती पदार्थांच्या एकाच जोडीपासून वेगवेगळ्या रचनेचे थर बनवून त्यांची तुलना करण्याची आहे. पी३एचटी आणि पीसीबीएम ही जोडी कार्यक्षमतेत आता जुनी झाली. शिकायला मात्र तिच्याइतकी चांगली जोडी दुसरी नाही, कारण रचना बदलली की ती रंगातच दाखवते.

काच आणि खालचा थर

आयटीओ (पारदर्शक, विद्युतवाहक ऑक्साईड) लावलेली काच डिटर्जंटचं पाणी, डीआयोनाइज्ड पाणी, ॲसिटोन आणि आयसोप्रोपॅनॉल यांत प्रत्येकी १० ते १५ मिनिटं सोनिकेटरमध्ये धुवा. नायट्रोजननं वाळवून १५ मिनिटं यूव्ही-ओझोनखाली ठेवा. लगेच पेडॉट-पीएसएस (होल गोळा करणारं वाहक पॉलिमर) ०.४५ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळून ४००० ते ५००० आरपीएमवर फिरवा आणि १४० अंश सेल्सिअसवर १५ मिनिटं तापवा. साधारण ३० ते ४० नॅनोमीटरचा थर मिळतो.

एक्सआरडी आणि यूव्ही-व्हिज (प्रकाशाचं शोषण मोजणं) यांसाठीचे नमुने नुसत्या काचेवर बनवण्याचा मोह टाळा. साध्या काचेवर आणि पेडॉटवर साखळ्या वेगळ्या तऱ्हेनं बसू शकतात, पीसीबीएमही खाली वेगळ्या प्रमाणात साठतं. रचना एका थराची आणि मोबिलिटी दुसऱ्याच थराची, अशा जोडीतून काढलेल्या निष्कर्षाला अर्थ नसतो.

द्रावण

१ मिलि क्लोरोबेन्झीनमध्ये (पहिल्या आणि चौथ्या नमुन्यात द्रावक बदलतो) २० मिग्रॅ पी३एचटी आणि १६ मिग्रॅ पीसीबीएम. पॉलिमरची रेजिओरेग्युलॅरिटी, म्हणजे शेपट्या एकाच क्रमानं जोडलेल्या असण्याचं प्रमाण, ९५ टक्क्यांच्या वर असावी आणि सरासरी रेणूभार २० ते ४० हजारांच्या दरम्यान. बाटलीवरचा रेणूभार न बघता पॉलिमर वापरणं ही मोठी चूक. फार आखूड साखळ्यांचे स्फटिक दिसायला सुबक होतात, पण एका स्फटिकातून निघून पुढच्या स्फटिकात शिरणारी साखळीच नसते, त्यामुळे चार्ज प्रत्येक सीमेवर अडकतो. ट्रान्झिस्टरमध्ये केवळ रेणूभार वाढवून पी३एचटीची मोबिलिटी हजारो पटींनी वाढल्याचं मोजलेलं आहे, आणि त्यात कमी मोबिलिटीचा थरच जास्त स्फटिकी दिसत होता. दाण्याच्या आकारावर भिस्त का ठेवायची नाही, याचं याहून चांगलं उदाहरण नाही.

द्रावण अंधारात, ५० ते ६० अंशांवर, रात्रभर ढवळा. नंतर ०.४५ मायक्रॉनच्या पीटीएफई फिल्टरमधून गाळा. द्रावण थंड होऊन बराच वेळ पडलं तर पॉलिमरच्या गुठळ्या होतात, नारिंगी रंग काळसर जांभळट होतो आणि शेवटी बाटलीत जेली दिसते. असं द्रावण तसंच वापरलं तर थरात आधीच बनलेले स्फटिक येतात आणि आपण ठरवलेल्या वाळण्याच्या वेगाला काही अर्थ राहत नाही. पुन्हा ६० अंशांवर पूर्ण नारिंगी होईपर्यंत तापवा. प्रत्येक नमुन्याच्या वेळी द्रावणाचं तापमान एकच ठेवा आणि वहीत लिहा.

चार प्रकारे वाळवणं

पहिला नमुना घाईचा. द्रावक क्लोरोफॉर्म, ते ६१ अंशांना उकळतं. २००० आरपीएम. थर डोळ्यांदेखत वाळतो आणि विटकरी-नारिंगी राहतो. साखळ्यांना रचायला वेळच मिळालेला नसतो.

दुसरा क्लोरोबेन्झीनचा, उकळबिंदू १३२ अंश, १००० आरपीएमवर ६० सेकंद, आणि तसाच ठेवलेला.

तिसरा दुसऱ्यासारखाच, पण १४० अंशांच्या हॉटप्लेटवर १० मिनिटं. हॉटप्लेटच्या आकड्यावर विसंबू नका. काचेच्या पृष्ठभागाचं तापमान थर्मोकपलनं मोजा. प्लेटचा मध्य आणि कडा यांत सहज काही अंशांचा फरक असतो.

चौथा सर्वात शिकवणारा. द्रावक ऑर्थो-डायक्लोरोबेन्झीन, उकळबिंदू १८० अंश. ६०० ते ८०० आरपीएमवर ३० ते ५० सेकंदच फिरवा, थर ओला असतानाच काच उचला आणि काचेच्या झाकलेल्या पेट्री डिशमध्ये सपाट ठेवा. आता बघत राहा. ओला थर पारदर्शक नारिंगी असतो. काही मिनिटांनी कडेला जांभळी रेघ उमटते, ती हळूहळू आत सरकते, आणि जिथून ती गेली तिथला भाग गडद जांभळा, किंचित मंद होतो. ही रेघ म्हणजे साखळ्या सरळ होऊन एकमेकींवर बसण्याची जागा. रेघ काचेच्या मध्यापर्यंत पोहोचायला लागलेला वेळ घड्याळ लावून मोजा. तोच तुमचा वाळण्याचा वेळ, आणि पुढच्या सगळ्या आलेखांत आडव्या अक्षावर हाच येऊ शकतो. काच तिरपी असेल तर रेघ एकाच बाजूनं येते आणि थर पाचरीसारखा होतो, म्हणून डिशखाली स्पिरिट लेव्हल ठेवून बघा. अशा सावकाश वाळलेल्या थराचा खडबडीतपणा सुमारे १० नॅनोमीटर निघतो, तर लवकर वाळलेल्याचा १ नॅनोमीटरच्या आसपास.

कोल्हापूरची हवा या टप्प्यावर फार जाणवते. जुलैत बाहेर २६ अंश आणि ८५ टक्के आर्द्रता असेल, तर दवबिंदू सुमारे २३ अंश येतो. क्लोरोफॉर्म उडताना थराचा पृष्ठभाग याहून सहज जास्त गार होतो, त्यावर पाण्याचे सूक्ष्म थेंब बसतात आणि थर दुधाळ, छिद्राछिद्राचा निघतो. एप्रिलच्या दुपारी, ३५ अंश आणि २५ टक्के आर्द्रतेत, दवबिंदू १२ अंशांच्या आसपास असतो आणि तोच थर स्वच्छ येतो. ग्लोव्हबॉक्स (कोरड्या वायूची बंद पेटी) नसेल तर पूर्ण तुलना-मालिका नोव्हेंबर ते एप्रिलमध्ये, सलग दोन दिवसांत करा. निम्मे नमुने मे महिन्यात आणि निम्मे पावसाळ्यात केले, तर मोजलेला फरक द्रावकाचा की हवेचा, हे नंतर कुणालाच सांगता येत नाही. आर्द्रतामापक स्पिन कोटरच्या शेजारी हवा, दाराजवळ नको.

हे सगळे द्रावक फ्यूम हूडमध्येच हाताळा. साधे नायट्राइल हातमोजे क्लोरोफॉर्म लवकर आत सोडतात, थेंब पडला की लगेच बदला. उरलेलं द्रावण क्लोरीनयुक्त कचऱ्याच्या वेगळ्या बाटलीतच जायला हवं. बेसिनमध्ये ओतलेलं शेवटी पंचगंगेच्या वाटेला लागतं.

जाडी

प्रोफाइलोमीटरनं प्रत्येक काचेवर पाच ठिकाणी मोजा. यापुढे जाडीचा घन येणार आहे. जाडीत १० टक्के चूक झाली, तर मोबिलिटीत ३३ टक्के चूक होते. चारही प्रकारांची जाडी सारखी आणण्यासाठी केवळ आरपीएम बदलला तर वाळण्याचा वेळही बदलतो आणि त्यासोबत रचनाही. त्यापेक्षा आधी द्रावणाची तीव्रता थोडी कमी-जास्त करून बघा.

रंगातून रचना वाचणं

यूव्ही-व्हिज हे इथलं सर्वात स्वस्त आणि सर्वात कमी वापरलेलं साधन. द्रावणात पी३एचटी ४५० नॅनोमीटरच्या जवळपास शोषतं. रचलेल्या थरात शोषण लाल बाजूला सरकतं आणि ५२०, ५५५ व ६०५ नॅनोमीटरच्या आसपास खांदे दिसतात. पीसीबीएमचं शिखर ३३५ च्या आसपास असल्यानं ते या भागात फारसं मध्ये येत नाही. ६०५ ची उंची भागिले ५५५ ची उंची, हा एकच आकडा चारही नमुन्यांसाठी काढा. ७५० नॅनोमीटरच्या पुढे शोषण शून्यावर येत नसेल तर ते प्रकाश विखुरल्यामुळे आहे. ते वजा केल्याशिवाय भागाकार करू नका, नाहीतर खडबडीत थर उगाचच सुबक रचनेचा वाटेल.

या गुणोत्तरावरून साखळी किती सरळ आहे याचा अंदाज स्पानो यांच्या मॉडेलनं येतो. गुणोत्तराचं वर्गमूळ बरोबर (१ − ०.२४ क्ष) ÷ (१ + ०.०७३ क्ष), आणि एक्सिटॉन बँडविड्थ म्हणजे क्ष गुणिले ०.१८ इलेक्ट्रॉन-व्होल्ट. गुणोत्तर ०.५५ असेल तर बँडविड्थ सुमारे १५८ मिली-इलेक्ट्रॉन-व्होल्ट येते, ०.७० असेल तर ९८. बँडविड्थ जितकी कमी, तितकी कण्यातली सरळ लांबी जास्त. ही पद्धत दिशा सांगत नाही, सुबकता सांगते.

एक्सआरडी: दिसतं ते आणि दिसत नाही ते

साध्या पावडर-पद्धतीच्या मांडणीत, तांब्याच्या १.५४०६ अँगस्ट्रॉम किरणांनी, पी३एचटीचं पहिलं शिखर ५.४ अंशांवर येतं, त्यावरून अंतर १.६४ नॅनोमीटर निघतं. रुंदी ०.५ अंश असेल तर शेररच्या सूत्रानं स्फटिकाची उंची सुमारे १६ नॅनोमीटर. इथवर सगळे करतात. पण ही मांडणी फक्त काचेला समांतर असलेली प्रतलं दाखवते. ५.४ चं उंच शिखर म्हणजे शेपट्यांची दिशा उभी, म्हणजे एज-ऑन स्फटिक, म्हणजे सोलर सेलसाठी गैरसोयीची मांडणी. फेस-ऑन स्फटिकांचं शिखर २३.४ अंशांच्या आसपास यायला हवं, आणि नेमक्या तिथेच काचेचा रुंद फुगवटा असतो. १०० नॅनोमीटरच्या थराचं अशक्त शिखर त्यात बुडून जातं.

म्हणून ५.४ चं शिखर छोटं आलं की “थर अस्फटिकी आहे” असं लिहू नका. स्फटिक फेस-ऑन बसलेले असू शकतात. खात्री करायला सिलिकॉन वेफरवर पेडॉट लावून त्यावर थर बनवा, फुगवटा जातो. दोन्ही दिशांचं पूर्ण चित्र हवं असेल तर कमी कोनातून किरण टाकून द्विमितीय डिटेक्टरवर घेतलेलं मापन, म्हणजे गायवॅक्स, लागतं. त्यासाठी इंदूरच्या इंडस-२ सारख्या सिंक्रोट्रॉनकडे प्रस्ताव द्यावा लागतो. प्रस्तावाआधी यूव्ही-व्हिज आणि मोबिलिटीचे आकडे हातात असतील तर नेमके कुठले दोन-तीन नमुने न्यायचे हे ठरलेलं असतं.

एएफएमबद्दल (सूक्ष्म सुईनं पृष्ठभाग चाचपणारा मायक्रोस्कोप) थोडक्यात: ते फक्त वरची साल दाखवतं. वर पी३एचटी आणि खाली पीसीबीएम जास्त, अशी उभी वाटणी या मिश्रणात होते, आणि एएफएमच्या चित्रात तिचा मागमूस नसतो. पट्टे फार मोठे झालेत का, हे फोटोल्युमिनेसन्सवरून, म्हणजे प्रकाश टाकल्यावर पदार्थ देतो त्या चमकेवरून, जास्त खात्रीनं कळतं. तापवल्यावर पी३एचटीची विझलेली चमक बरीच परत आली, तर एक्सिटॉनला सीमा सापडत नाहीये.

उभी मोबिलिटी मोजणं

आता खरं माप. होलसाठी आयटीओ, पेडॉट, मिश्रणाचा थर, १० नॅनोमीटर मॉलिब्डेनम ऑक्साईड आणि वर १०० नॅनोमीटर चांदी. इलेक्ट्रॉनसाठी आयटीओ, झिंक ऑक्साईड, थर, कॅल्शियम आणि ॲल्युमिनियम. इथे खालचा थर झिंक ऑक्साईडचा असल्यानं रचना थोडी बदलू शकते, म्हणून त्यावरचाही एक नमुना यूव्ही-व्हिजमध्ये घाला. क्षेत्रफळ २ × २ मिमी. मापन अंधारात, ० ते ४ व्होल्ट.

सूत्र मॉट-गर्नीचं: प्रवाहघनता = ९/८ × निर्वाताची परमिटिव्हिटी × सापेक्ष परमिटिव्हिटी × मोबिलिटी × व्होल्टेजचा वर्ग ÷ जाडीचा घन. सापेक्ष परमिटिव्हिटी ३ धरा. मोबिलिटी ०.०००१ चौसेंमी प्रति व्होल्ट-सेकंद आणि जाडी १०० नॅनोमीटर असेल, तर १ व्होल्टला दर चौसेंमीला सुमारे ३० मिलिअँपियर यायला हवेत. याच्या कितीतरी पट जास्त आले तर आधी शॉर्टचा संशय घ्या.

आता अडचण बघा. त्याच थराला ४ व्होल्टला सोळा पट, म्हणजे आपल्या छोट्या क्षेत्रफळातून १९ मिलिअँपियर. आयटीओ आणि जोडण्यांचा रोध ३० ओहम असेल तर ०.५७ व्होल्ट वाटेतच पडतात. वरच्या टोकाला आलेख खाली वाकतो, चढ २ पेक्षा कमी येतो आणि मोबिलिटी खोटी कमी निघते. २०० नॅनोमीटरच्या थरात हाच तोटा ०.०७ व्होल्टवर येतो. म्हणून हे मापन १५० ते २०० नॅनोमीटरवर करा, थर न लावलेल्या कोऱ्या काचेवर इलेक्ट्रोड चढवून रोध मोजा आणि तो वजा करा. बिल्ट-इन व्होल्टेजही (दोन इलेक्ट्रोडच्या फरकामुळे आतच असलेलं) वजा करायचं असतं. लॉग-लॉग आलेखावर चढ २ असलेला किमान एक व्होल्टचा पट्टा मिळाला तरच आकडा घ्या. सगळीकडे चढ १ म्हणजे गळती, आणि ३-४ म्हणजे सापळे किंवा संपर्कातली अडचण. शेवटी तीन जाड्यांचे नमुने करा. तिन्हींतून सारखी मोबिलिटी आली तर माप विश्वासाचं.

काय अपेक्षित धरायचं? २००६ साली ग्रोनिंगेनमधल्या गटानं दाखवलं की तापवल्यावर या मिश्रणातली होल मोबिलिटी हजार पटींहून जास्त वाढून ०.०००२ पर्यंत जाते, तर इलेक्ट्रॉनची ०.००३ च्या घरात पोहोचते. न तापवलेल्या थरात होल इतके मागे पडतात की ते थरात साचतात आणि फिल फॅक्टर, म्हणजे सेलची शक्ती प्रत्यक्षात किती हाती येते याचं माप, कोसळतो. म्हणून एकट्या मोबिलिटीपेक्षा दोघींचं गुणोत्तर लिहा. दहाच्या आत असेल तर बरं. थर जाड करताना हेही लक्षात ठेवा की चार्जला लागणारा वेळ जाडीच्या वर्गानं वाढतो. ०.०००१ च्या मोबिलिटीत, अर्ध्या व्होल्टच्या ओढीवर, १०० नॅनोमीटरला २ मायक्रोसेकंद, २०० ला ८.

आकडे एकमेकांशी जुळत नाहीत तेव्हा

यूव्ही-व्हिजचं गुणोत्तर वाढलं, ५.४ चं शिखरही वाढलं, पण उभी होल मोबिलिटी तिथेच राहिली, तर स्फटिक वाढले ते एज-ऑन. गुणोत्तर आणि मोबिलिटी दोन्ही वाढल्या, पण करंट घटला, तर पट्टे फार मोठे झाले. फोटोल्युमिनेसन्स बघा, आणि ऑप्टिकल मायक्रोस्कोपखाली काही मायक्रॉन लांबीच्या सुया किंवा ठिपके शोधा, ते पीसीबीएमचे स्फटिक असतात. उघडा थर फार वेळ तापवला की ते उगवतात. वरचा धातू चढवून मग तापवलं तर बऱ्याच अंशी रोखले जातात. होल मोबिलिटी चांगली आणि इलेक्ट्रॉनची पडलेली, तर पीसीबीएमचं प्रमाण कमी पडतंय, १:०.८ वरून १:१ वर जा.

हाच हात बसला की पीएम६ (पॉलिमर) आणि वाय६ (पीसीबीएमच्या जागी येणारा रेणू) यांच्याकडे वळा. वाय६ २०१९ साली आलं आणि त्याच्या पहिल्याच अहवालात कार्यक्षमता १५.७ टक्के होती. ही जोडी स्वभावानंच फेस-ऑन बसते, म्हणून १०० नॅनोमीटरच्या पुढेही ती तग धरते. प्रमाण १:१.२, एकूण १६ मिग्रॅ प्रति मिलि, द्रावक क्लोरोफॉर्म, त्यात ०.५ टक्के क्लोरोनॅफ्थलीन. हे २६० अंशांच्या आसपास उकळतं, त्यामुळे क्लोरोफॉर्म उडून गेल्यावरही थरात थोडा वेळ मागे राहून वाय६ ला रचायला अवधी देतं. ३००० आरपीएम, मग ९० अंशांवर ५ मिनिटं. क्लोरोनॅफ्थलीन १ टक्क्यावर नेलं तर पट्टे जाड होण्याची भीती, आणि ते पूर्ण उडालं नाही तर सेल काही दिवसांतच ढासळतो. द्रावक क्लोरोफॉर्म असल्यानं जून ते सप्टेंबरमध्ये कोरड्या नायट्रोजनच्या पेटीबाहेर हा थर करूच नका. पेटीतली आर्द्रता ३० टक्क्यांच्या खाली आल्यावरच बाटली उघडा, आणि प्रकाशासमोर धरल्यावर कडेला धुरकट पट्टा दिसणारी काच मोजायला न नेता बाजूला काढा.